धारोष्ण

जगात बिनकामाची माणसं पुष्कळ आहेत, असं बाळासो खाडेचं ठाम मत होतं, आणि त्यांत पहिला नंबर तो दूध उकळून पिणाऱ्यांचा लावायचा. दूध म्हणजे कसं, तर म्हशीच्या सडातून थेट गिलासात, वर बोटभर फेस आणि हाताला कोमट. धारोष्ण. ते पातेल्यात ओतून गॅसवर चढवणं म्हणजे चांगल्या जित्या माणसाला तिरडीवर बांधणं, असं तो सांगायचा. पेठेतल्या तालमीशेजारच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी तो आपल्या चार म्हशी आणून उभ्या करी. आज्यापासूनचा धंदा. गिऱ्हाइकानं गिलास पुढं करायचा, बाळासोनं उकिडवं बसायचं आणि धार गिलासातच पडायची. पुण्याचा एखादा पावणा भीत भीत विचारी, "हे असंच प्यायचं? न उकळता?" मग बाळासो त्याच्याकडं असा बघायचा, की आपण अंगात कपडे घालून आलोय ना, हे पावण्याला एकदा चाचपून बघावंसं वाटे.

अशा माणसाच्या पोटी तेजस्वी जन्मली. पोरगी हुशार निघाली. बारावीला राजारामपुरीतल्या क्लासला जायची आणि परत आल्यावर म्हशींच्या दावणीशेजारी पाट टाकून अभ्यास करायची. नीटचा निकाल लागला तेव्हा क्लासवाल्यांनी तिचा फोटो फ्लेक्सवर लावला. बाळासोनं त्या फ्लेक्सखाली स्कूटर उभी करून तासभर इकडंतिकडं बघितलं, कुणी ओळखीचा जातोय का म्हणून. पोरगी डॉक्टर होणार हे त्यानं त्याच संध्याकाळी कट्ट्यावर जाहीर करून टाकलं. कसली डॉक्टर हे विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं.

पोरीनं अर्जात पहिला पर्याय जनावरांच्या डॉक्टरीचा भरला होता. नंबर कमी पडला म्हणून नव्हे, तिला तेच व्हायचं होतं. हे कळलं तेव्हा बाळासो हातातली चहाची बशी तशीच धरून बसला.

"आगं, ह्या शेणातनं तू भाईर पडावीस म्हणून मी हाडं झिजवली," तो म्हणाला. "आन् तू फी भरून परत शेणातच चाललीस व्हय?"

"साडेपाच वर्षांची डिग्री आहे, आप्पा. शेवटचं एक वर्ष नुसतं दवाखान्यात काम."

"माणसाचा डाक्टर साडेपाच वर्सांत हुतोय आन् ढोराचा बी साडेपाचच? मग ढोर सवस्त कुठं पडलं?"

आक्काताईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, "जाऊ द्या की तिला, तिचं नशीब तिच्याजवळ" म्हणून पोरीची बॅग भरली. कॉलेज तिकडं मराठवाड्यात, रात्रभराच्या एसटीच्या वाटेवर. बाळासो स्टँडवर सोडायला गेला तो तोंड वाकडं करूनच.

पुढची पाच वर्षं कट्ट्याला फुकटची करमणूक झाली. पहिल्या दिवाळीला तेजस्वी आली ती जनावराच्या हाडांची नावं पाठ करत. बाळासो म्हणाला, "म्हशीला सवताच्या हाडाचं नाव ठावं न्हाय, तरी ती चालती की." दुसऱ्या वर्षी तिला दुधावर अख्खा पेपर आहे असं कळलं. त्या दिवशी धार काढताना तो इतका हसला, की म्हशीनं पान्हा चोरला. तिसऱ्या वर्षी कोंबड्यांचा पेपर होता, त्यावर तर चार दिवस निघाले. पोरगी पूर्वी घरात इथल्या सगळ्या पोरींसारखी 'मी जातो, मी येतो' म्हणायची, ती आता 'मी जाते' म्हणायला लागली होती. बाळासोच्या मते पाच वर्षांत सरकारनं तिला तेवढंच शिकवलं होतं. या सगळ्याला दाद द्यायला आण्णा वस्ताद समोर बसलेला असे. सत्तरीचा गडी, तालमीतला जुना मल्ल. रोज दोन गिलास धारोष्ण घ्यायचा आणि बाळासोच्या प्रत्येक बोलण्यावर मांडीवर थाप मारायचा. आण्णा हसला की अख्खा कट्टा हसायचा. त्या हसण्याची बाळासोला दुधाच्या पैशापेक्षा जास्त चटक लागली होती.

शेवटचं वर्ष सुरू झालं. तेजस्वी दोन दिवसांच्या सुट्टीवर यायची होती, त्याच्या आदल्या रात्री चांदी गाभडली.

चांदी म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली, चौघींतली सगळ्यांत दुधाची म्हैस. आठवा महिना होता. बाळासोनं मेलेलं रेडकू उघड्या हातांनी ओढून काढलं. वार अडकून राहिली होती. ती त्यानं कोपरापर्यंत हात घालून ओढली, नळावर हात धुतले आणि तंबाखू मळत बसला. आज्यानं असंच केलं होतं, बापानंही असंच केलं होतं.

सकाळी तेजस्वी आली ती बॅग दारात टाकून सरळ गोठ्यात गेली. खांद्यापर्यंतचा पातळ प्लॅस्टिकचा हातमोजा चढवून तिनं चांदीला तपासलं. बाळासो दाराला टेकून बघत होता.

"बांगड्या भरायला बसल्यागत काय करालीस?" तो म्हणाला. "रातीच सगळं साफ केलंय मी. हातानं."

ती थबकली. "उघड्या हातानं?"

"मग काय पायानं?"

तेजस्वीनं चांदीच्या मानेच्या शिरेतून रक्त काढून एका बारक्या बाटलीत भरलं. मग हात धुऊन बापासमोर बसली आणि सावकाश सांगायला लागली, लहान पोराला समजावल्यासारखं. असं शेवटच्या महिन्यांत गाभडतं तेव्हा एका रोगाचा संशय घ्यायचा असतो. ब्रुसेला. रोग म्हशीचा, पण माणसालाही होतो. वार हाताळून होतो आणि कच्च्या दुधातून होतो. आज रविवार, लॅब बंद. मला रात्री परत निघायचंय. उद्या सकाळी ही बाटली तेवढी लॅबला पोचवा, रिपोर्ट येईपर्यंत चांदीला कट्ट्यावर नेऊ नका आणि बाकीचंही दूध उकळून प्यायला सांगा.

बाळासोनं सगळं ऐकून घेतलं. मग असा काही हसला, की शेजारच्या गोठ्यातला माणूस डोकावला.

"पाच वर्सं शिकून दूध तापवून प्या म्हणायला शिकलीस व्हय? आगं, ते तुझ्या आजीला बी येत हुतं!"

तेजस्वीचं तोंड लाल झालं. ती भांडली नाही. एका चिठ्ठीवर लॅबचा पत्ता लिहिला, बाटली फ्रीजमध्ये ठेवली आणि म्हणाली, "आप्पा, हसा पाहिजे तेवढं. पण बाटली पोचवा."

"व्हय व्हय," बाळासो म्हणाला.

सोमवारी बाटली फ्रीजमध्येच राहिली. मंगळवारी आक्काताईनं भाजी काढताना विचारलं, तेव्हा बाळासोनं "पोचवतो" म्हणून ती उचलली आणि गोठ्यामागच्या उकिरड्यावर भिरकावली. म्हशीचं रक्त घेऊन लॅबच्या दारात रांगेत उभं राहायला तो काय कॉलेजातला शिपाई होता? पोरीचा फोन आला. तो म्हणाला, "दिलं की. काय बी निघालं न्हाय."

"रिपोर्टचा फोटो पाठवा ना."

"कागूद हरवला."

ती म्हणाली, "बरं झालं. जीव भांड्यात पडला." बाप वाटेल ते बोलतो, पाणउतारा करतो, पण खोटं बोलत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिथंच ती फसली.

चांदीनं थोडंथोडं दूध द्यायला सुरुवात केली, तशी आठ दिवसांत ती कट्ट्यावर परत उभी राहिली. आणि आजीचा विनोद कट्ट्यावर असा काही रुजला, की बाळासोला तो रोज एकदा सांगावाच लागे. तो नुसता "पाच वर्सं शिकून" म्हणायचा, पुढचं सगळे मिळून म्हणायचे. आण्णा वस्तादच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

महिन्याभरानं बाळासोला ताप आला.

ताप मोठा विचित्र होता. दिवसभर माणूस ठीक. संध्याकाळी धार काढून घरी येईतो हुडहुडी भरायची, आणि पहाटे घामानं अंथरूण असं भिजायचं की आक्काताई चादर पिळायची. कंबर तर कुणी मागून दगड घातल्यासारखी. जवळच्या डॉक्टरनं टायफॉइड म्हणून गोळ्या दिल्या. ताप गेला आणि दहा दिवसांनी पुन्हा दारात. आक्काताईनं पोरीला फोन लावला. फोन मोठ्या आवाजावर होता आणि बाळासो शेजारी गोधडी घेऊन पडला होता.

"चांदीचा रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून," तेजस्वी म्हणत होती, "नाहीतर मी आधी त्याचीच शंका घेतली असती. त्यांना मोठ्या डॉक्टरला दाखव, आई."

बाळासोनं हे ऐकलं. नीट ऐकलं. तेव्हाच तोंड उघडलं असतं तर पुढचं पुष्कळ टळलं असतं. पण पोरीसमोर खोटा पडण्यापेक्षा गोधडीत कण्हणं त्याला सोपं वाटलं. शिवाय मनाची समजूत घालायला त्याच्याकडं अक्कल होती: म्हशीचा रोग माणसाला होत असता, तर माणसाचा पडसं-खोकला म्हशीला का होत नाही? उंटावरच्या शहाण्यांना असले मुद्दे बरोबर सुचतात. तो कूस बदलून झोपला.

अजून तीन आठवडे असे गेले. मग आक्काताईनंच त्याला रिक्षात घालून राजारामपुरीत एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाई तेजस्वीहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी नाडी बघितली नाही की जीभ बघितली नाही, आधी विचारलं, "काय करता?"

"म्हशी हायत. दुधाचा धंदा."

"अलीकडं कुठली गाभडली?"

बाळासो दचकला. "तुमास्नी कुणी सांगितलं?"

बाईंनी उत्तर न देता रक्त तपासायला लिहून दिलं. दोन दिवसांनी कागद आला. बाईंनी तो वाचला आणि टेबलावर ठेवला.

"ब्रुसेला आहे. शब्द कधी कानावर आलाय?"

"माझी पोरगी म्हणालती."

"पोरगी काय करते?"

"जनावराची डाक्टर हाय," आक्काताई म्हणाली. "शेवटचं वर्स."

"मग तिनं म्हशीचं रक्त तपासायला सांगितलं नाही?"

बाळासो पंख्याकडं बघायला लागला. आक्काताई त्याच्याकडं बघायला लागली. तिला फ्रीजमधली ती बाटली आठवली असणार, कारण तिनं एकदम पदर तोंडाला लावला.

"सांगितलतं," तो म्हणाला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. गाढवापुढं गीता वाचून झाल्यावर माणूस जसा पुस्तक मिटतो, तसा त्यांचा चेहरा झाला. "सहा आठवडे गोळ्या, सुरुवातीला इंजेक्शनं," त्या म्हणाल्या. "तुम्ही बरे व्हाल. पण ते दूध कच्चं कोण कोण पितंय? सगळ्या म्हशी तपासून होईपर्यंत एक थेंबही कच्चा देऊ नका. त्यात एखादी गरोदर बाई असली तर तिच्या मुलाच्या जिवावर बेतेल."

रिक्षात आक्काताई बाळासोकडं पाठ करून बाहेर बघत बसली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, पण असं तिनं कधी केलं नव्हतं.

बाळासोनं वाटेतच हिशोब जुळवला. चांदीला आजपासून घरी ठेवायची. कुणी विचारलं तर आटली म्हणायचं. बाकीच्या तिघी न्यायच्या, कारण एकदम चारी बंद केल्या तर लोक विचारणार, विचारलं तर सांगावं लागणार, आणि सांगितलं तर आज्यापासूनचा धंदा एका दिवसात बसणार. तिघी धडधाकट दिसत होत्या. त्या तपासायला हव्यात असं बाई म्हणाल्या होत्या खऱ्या, पण बाई काय वाटेल ते म्हणणार. एवढं सगळं होऊनसुद्धा त्याच्या डोक्यात हेच चाललं होतं. कातडी वाचवायची म्हटली की माणसाचं डोकं फार छान चालतं.

संध्याकाळी तो तीन म्हशी घेऊन कट्ट्यावर उभा राहिला. अंगात कणकण होतीच. गर्दी जमली. आण्णा वस्ताद आला आणि आज त्याच्याबरोबर त्याची नातसून होती, संयोगिता. कागलच्या माहेराहून कालच परत आलेली, सातवा महिना. चालताना एक हात कमरेवर होता. आण्णानं तिला तालमीच्या पायरीवर बसवलं.

"बाळासो, आजपास्नं हिला रोज एक गिलास," आण्णा गरजला. "माझ्या पतवंडाला पोटातच धारोष्णची सवय लागूं दे. काढ, चांगला फेसाचा काढ!"

बाळासोनं गिलास घेतला. म्हशीखाली बसला. सडाला हात लावला. संयोगितानं लाजत बाळासोकडं बघून हसल्यासारखं केलं, आणि त्याचे हात तिथंच राहिले. म्हैस वाट बघत उभी. गिऱ्हाइकं वाट बघत उभी.

"काढ की," आण्णा म्हणाला. "काय झोप लागली व्हय?"

बाळासो उठला. रिकामा गिलास त्यानं आण्णाच्या हातात परत दिला.

"धारोष्ण न्हाय," तो म्हणाला. "पायजे तर किटलीत देतो. घरी न्या, चांगलं उकळा, मग पाजा."

एक क्षण कुणाला काही कळेना. मग आण्णाचा चेहरा हळूहळू फुलत गेला. बाळासोनं आज काहीतरी नवीन सोंग काढलंय, असं त्याला वाटलं. त्यानं मांडीवर थाप मारली आणि बाळासोचाच आवाज काढून ओरडला, "पाच वर्सं शिकून..."

"...दूध तापवून प्या म्हणायला शिकलीस व्हय!" कट्टा एका सुरात म्हणाला. "ते तुझ्या आजीला बी येत हुतं!"

हशाचा एवढा मोठा गडगडाट झाला, की म्हशी बिचकल्या. पायरीवर संयोगितासुद्धा तोंडावर हात ठेवून हसत होती. बाळासो मधोमध उभा होता. विनोद त्याचाच होता. त्यानंच तो घडवला होता, रोज तेल घालून चकचकीत ठेवला होता, आणि आता तो त्याच्याच टाळक्यात बसला होता. त्याला तेजस्वीचं लाल झालेलं तोंड आठवलं. पोरगी त्या दिवशी कुठल्या जागी उभी होती, हे त्याला पहिल्यांदा कळलं आणि त्याला स्वतःची भयंकर शरम वाटली.

"हसूं नका," तो म्हणाला. कुणी ऐकलं नाही. मग तो सगळ्या पेठेला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडला, "हसूं नका रं! चांदीला रोग हाय. मला तिच्यापास्नंच झालाय. ह्यो बघा कागूद. पोरीनं दोन म्हैन्यांखाली सांगितलतं, रक्त काढून दिलतं. म्या ते उकिरड्यावर टाकलं आन् तिला सांगितलं, काय बी निघालं न्हाय."

हसू शेवटच्या रांगेपर्यंत बंद व्हायला थोडा वेळ लागला. आण्णानं त्याच्या हातातला कागद घेतला. वाचता येत नव्हतं तरी उलटासुलटा करून बघितला.

"दोन म्हैनं," आण्णा म्हणाला. आवाज अगदी खाली आला होता. "दोन म्हैनं मी चांदीचं पितोय. रोज दोन गिलास." तो वळला आणि नातसुनेला म्हणाला, "ऊठ पोरी. घरी चल." जाताना बाळासोकडं त्यानं बघितलं ते नुसतं एकदाच. पन्नास वर्षांत हजार मल्ल चीत झालेले बघितलेल्या त्या माणसानं मातीत पडलेल्याकडंही कधी असं बघितलं नसेल. तो थुंकला असता तरी बाळासोला चाललं असतं.

बाकीची माणसं जागची हलेनात. कुणी शिवी दिली. कुणी विचारलं, मला कंबरदुखी हाय ती त्येचीच काय? एकानं कॉलर धरायला हात पुढं केला आणि रोगाचं आठवून मागं घेतला. "आता काय करायचं ते तर सांग!" मागून कुणीतरी ओरडलं.

काय करायचं ते बाळासोला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या पिढीचा गवळी, आणि म्हशीबद्दल सांगायला त्याच्याकडं एक शब्द नव्हता. त्यानं फोन काढला. तिच्या दवाखान्याची वेळ होती, तरी तेजस्वीनं उचलला.

त्यानं सगळं सांगितलं. बाटलीचं सांगितलं, खोटं बोललेलं सांगितलं, आपल्या तापाचं सांगितलं. भोवती तीसेक माणसं कान टवकारून उभी होती.  पलीकडं कुठलंसं जनावर हंबरत होतं. ती आता बोलेल, वाटेल ते बोलेल, असं वाटून त्यानं डोळे मिटून घेतले. तिनं तोंडावर हाणलं असतं तर तो सुटला असता. आजीचंच काहीतरी ऐकवलं असतं तरी चाललं असतं.

"तुमचं औषध सुरू झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"मी उद्या सकाळपर्यंत पोचते. चारही म्हशींना हात लावू नका. आता मला सांगा, त्या दिवसापासून कट्ट्यावर कच्चं दूध कोण कोण प्यायलंय. एकेक नाव घ्या. पोटुशी बाई किंवा लहान मूल असेल तर ते पहिलं. मी लिहून घेते."

बाळासोनं समोर बघितलं. ज्याच्याकडं नजर जाई तो माणूस नजर खाली घालत होता. त्यानं पहिलं नाव सांगितलं. मग दुसरं. तिसऱ्या नावाला तो तालमीच्या रिकाम्या पायरीकडं बघत राहिला.

"आप्पा," पोरगी म्हणाली, "पुढचं नाव सांगा."